प्लेग उंदरांमुळे नाही, श्वासातून पसरतोय! ६० हजार बळी घेणारी साथ रोखणारे डॉ. वू लिएन-तेह कोण होते?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड महाशिवरात्रीला गर्दीने फुलून जातं. महादेवाचं दर्शन घेऊन अनेक भाविक ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही जातात. २०२१ साली महाशिवरात्र ११ मार्चला होती आणि महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट तेव्हा वर चढू लागली होती. बरोबर आदल्या दिवशी, १० मार्चला, गूगलने एका चिनी वंशाच्या डॉक्टरचं डूडल केलं. त्यात ते मास्क तयार करून लोकांना देताना दिसत होते. तो त्यांचा १४२वा जन्मदिवस होता.

ते डॉक्टर म्हणजे वू लिएन-तेह. सण तोंडावर आलाय, लाखो माणसं घरी निघाली आहेत आणि त्यांच्यासोबत आजारही निघालाय, अशा वेळी रस्ता अडवायचा की नाही? हा प्रश्न आपल्याला २०२० मध्ये पडला. त्यांना तो १९११ च्या जानेवारीत पडला होता. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते, चीनच्या शाही लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात उपसंचालक होते आणि ज्या देशासाठी लढत होते त्या देशाची भाषा त्यांना धड बोलता येत नव्हती.

हार्बिनमध्ये नेमकं काय घडत होतं?

हार्बिन हे ईशान्य चीनमधलं, म्हणजे मांचुरियातलं रेल्वेचं शहर. ते रशियाने टाकलेल्या रेल्वेमार्गावर उभं राहिलं. दक्षिणेकडची लाइन जपानच्या ताब्यात होती. जमीन चीनची, पण रूळ परक्यांचे, असा प्रकार. शहराला लागून फुजियादियान नावाची चिनी वस्ती होती. सुमारे २४ हजार लोक तिथे दाटीवाटीने राहत.

१९१० च्या शरद ऋतूत रशियाच्या सीमेजवळ माणसं मरू लागली. ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. आजार झाला की वाचणारा जवळपास कोणी नव्हता.

सुरुवात झाली मार्मोटपासून. हा खारीच्या कुळातला, पण मांजराएवढा मोठा प्राणी. त्या भागातल्या मार्मोटला तारबागान म्हणतात. युरोपात त्याच्या कातड्याला भाव आला आणि शांतुंग प्रांतातले हजारो गरीब मजूर शिकारीसाठी उत्तरेकडे आले. स्थानिक मंगोल शिकारी पिढ्यान्‌पिढ्या आजारी, सुस्त मार्मोटला हात लावत नसत. नव्याने आलेल्यांना हे कोण सांगणार? त्यांना तर असा प्राणी पकडायला सोपाच वाटायचा. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात माणसं जातात, तसेच हे लोक. हंगामापुरतं जायचं, मिळेल तिथे झोपायचं, पैसे घेऊन परतायचं.

ते झोपत कुठे, हे महत्त्वाचं. उणे २५-३० अंश तापमानात खिडक्या बंद केलेल्या स्वस्त खानावळी, त्यात खालून तापवलेला विटांचा लांब ओटा आणि त्यावर एकाला एक खेटून झोपलेले वीस-तीस मजूर. एकजण खोकला तर अख्खा ओटा धोक्यात.

साथ रेल्वेने हार्बिनला पोहोचली. रशिया आणि जपान तयारच होते. चीनला ही साथ आवरत नसेल तर आम्ही आमची माणसं पाठवतो, हे निमित्त त्यांना हवंच होतं. त्यामुळे पेकिंगच्या परराष्ट्र खात्याला डॉक्टर शोधायची घाई झाली. नौदलातल्या एका डॉक्टरला आधी विचारलं गेलं. त्याने नकार दिला. मग तार गेली तियानजिनला, वू यांच्याकडे.

हे वू आले कुठून?

१० मार्च १८७९, पेनांग. आजच्या मलेशियातलं हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. वडील चीनमधून आलेले सोनार. मुलगा हुशार निघाला. १८९६ मध्ये त्याला क्वीन्स स्कॉलरशिप मिळाली आणि तो केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात पोहोचला. पुढे लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, लिव्हरपूल, जर्मनीतलं हाल्ले, पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. लिव्हरपूलमध्ये त्यांना रोनाल्ड रॉस यांच्या हाताखाली काम करता आलं. आपल्या अल्मोड्यात जन्मलेले, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, मलेरिया डासामार्फत पसरतो हे दाखवणारे तेच हे रॉस.

इतकं शिकून १९०३ मध्ये घरी परतल्यावर काय मिळालं? ब्रिटिश वैद्यकीय सेवेत वरची जागा चिनी माणसाला मिळत नसे. त्यांनी पेनांगमध्ये खासगी दवाखाना थाटला आणि अफूविरोधी चळवळीत उडी घेतली. अफूचा व्यापार म्हणजे तेव्हा सरकारी महसूल. थोड्याच दिवसांत त्यांच्या दवाखान्याची झडती झाली, औषधासाठी ठेवलेला थोडा अफूचा अर्क सापडला आणि त्यांनाच दंड झाला. अफूविरोधी डॉक्टरला अफू बाळगल्याबद्दल दंड! त्याच सुमारास चीनमधून युआन शिकाय यांचं बोलावणं आलं आणि १९०८ मध्ये ते तियानजिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले.

एक शवविच्छेदन आणि सगळा डाव पालटला

२४ डिसेंबर १९१० च्या संध्याकाळी वू हार्बिनला उतरले. सोबत एक विद्यार्थी-सहायक, एक मायक्रोस्कोप आणि थोडं साहित्य, बस. तीन दिवसांनी फुजियादियानमध्ये खानावळ चालवणारी एक जपानी महिला वारली. वू तिथे गेले आणि त्याच घरात त्यांनी तिचं शवविच्छेदन केलं. चीनमध्ये तेव्हा मृतदेह उघडणं रूढीला मान्य नव्हतं, त्यामुळे हे काम गुपचूप उरकावं लागलं. फुप्फुस, हृदय आणि प्लीहेतले नमुने काचेवर घेतले. प्लेगचे जंतू ठसठशीत दिसले. स्थानिक अधिकाऱ्यांनाही त्यांनी मायक्रोस्कोपमधून ते दाखवले.

पण जंतू सापडणं हा अर्धाच भाग. हा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीतच ओळखला गेला होता. खरा प्रश्न होता, तो पसरतोय कसा?

इथे मुंबई येते. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा तो कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या चाळींत झालेल्या संशोधनातून साखळी पक्की झाली: उंदीर, उंदरावरची पिसू, मग माणूस. प्लेग म्हणजे उंदीर, हे जगभरच्या डॉक्टरांच्या डोक्यात बसलं ते प्रामुख्याने मुंबईतल्या या कामामुळे. आणि ते चूक नव्हतंच. गाठीचा प्लेग तसाच पसरतो.

हार्बिनमध्ये मात्र रोग्यांच्या अंगावर गाठी नव्हत्या. जपान्यांनी पाठवलेल्या एका डॉक्टरने शेकडो उंदीर चिरून पाहिले होते, एकातही जंतू सापडला नव्हता. बाहेर सगळं गोठलेलं असताना आणि मृत्यू एकाच घरात, एकाच ओट्यावर लागोपाठ होत असताना वू यांनी निष्कर्ष काढला की हा फुप्फुसाचा, म्हणजे न्यूमोनिक प्लेग आहे. माणसाकडून थेट माणसाकडे. खोकल्यातून, श्वासातून.

इंजिनिअरिंगला आम्हाला शिकवायचे की बिघाड शोधताना आधी सर्किट कुठून वाहतंय ते बघा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला. वू यांनी नेमकं हेच केलं. उंदीर मारण्याच्या मोहिमेवर माणसं आणि वेळ खर्च करण्याऐवजी त्यांनी सगळं बळ माणसांना माणसांपासून दूर ठेवण्यावर लावलं आणि नाकातोंडावर बांधायला कापूस घातलेली जाळीदार कापडाची पट्टी दिली.

(सोशल मीडियावर त्यांना मास्कचा शोध लावणारे म्हटलं जातं. ते खरं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी युरोपातले काही सर्जन १८९७ पासूनच तोंडावर कापड बांधत होते. वू यांनी तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आणला आणि साथीच्या काळात नर्स, पोलीस, मजूर अशा सगळ्यांसाठी वापरला. ही गोष्टही लहान नाही.)

ज्यांनी मास्क नाकारला

हार्बिनच्या रशियन प्लेग हॉस्पिटलमध्ये वू गेले तेव्हा तिथले प्रमुख डॉक्टर मास्कशिवाय वॉर्डात फिरत होते. त्यांचं आडनाव हाफकिन. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन यांच्या नात्यातलेच. आपण लस घेतली आहे, बास, असा त्यांचा भरवसा होता. वू त्या वॉर्डात फिरले, पण जीव मुठीत धरून.

२ जानेवारी १९११ ला फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेस्नी हार्बिनला आले. वयाने मोठे, अनुभवी, तियानजिनच्या दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख. श्वासातून प्लेग पसरतो हे त्यांना मान्यच नव्हतं. सूत्रं आपल्या हाती द्यावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. वाद इतका वाढला की वू यांनी पेकिंगला राजीनाम्याची तार केली. सरकारने वू यांना कायम ठेवलं आणि मेस्नींना परत बोलावलं. तोवर मेस्नी रशियन हॉस्पिटलमध्ये मास्कशिवाय रोगी तपासून आले होते. ११ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला.

या भांडणाचा तपशील मुख्यतः वू यांच्याच आत्मचरित्रातून आला आहे, हे लक्षात ठेवायला हवं. मेस्नींची बाजू सांगायला मेस्नी उरले नाहीत. पण त्यांच्या मृत्यूची तारीख निर्विवाद आहे. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कसाठी झुंबड उडाली. कोणी तो गळ्यात लटकवत होतं, कोणी कानाला. ओळखीचं वाटतंय ना?

सैनिक पुण्यातही होते, हार्बिनमध्येही

पुण्यात १८९७ मध्ये प्लेग आला तेव्हा रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघरी घुसले. देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी रस्त्यात झाली, सामान जाळलं गेलं. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण एक मुद्दा राहून जातो. त्या झडत्यांचा रोगावर उपयोग काय होणार होता? उंदीर आणि पिसवांची साखळी तेव्हा कोणाला उमगलीच नव्हती. म्हणजे जबरदस्ती होती, ज्ञान नव्हतं. लोकांनी अपमान सोसला आणि त्या बदल्यात फार काही वाचलं नाही.

वू यांनीही सैनिक मागवले. हजाराहून अधिक सैनिकांनी फुजियादियानला वेढा घातला. वस्तीचे चार भाग केले. पांढरा, लाल, पिवळा आणि निळा, असे प्रत्येक भागाचे बिल्ले. प्रत्येक भागावर एक डॉक्टर. बिल्ल्याशिवाय फिरायचं नाही, परवानगीशिवाय दुसऱ्या भागात जायचं नाही. आजच्या भाषेत कंटेनमेंट झोन. रोज घरोघरी तपासणी. रोग्याच्या संपर्कात आलेल्यांना कुठे ठेवायचं? रशियन रेल्वेकडून मालगाडीचे १२० डबे मागून घेतले, त्यात शेगड्या बसवल्या आणि माणसांना तिथे वेगळं ठेवलं. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. काही दिवस ताप आला नाही की घरी.

हे सगळं गोड होतं असं समजू नका. उणे तापमानात मालगाडीच्या डब्यात अनोळखी लोकांसोबत कोंडून घेणं काय असतं, याची कल्पना करा. लोक रोगी लपवत होते. घर बंद होऊ नये म्हणून रात्री मृतदेह रस्त्यावर आणून टाकत होते. इथे पोलीस, सफाई कामगार, ॲम्ब्युलन्सवाले मोठ्या संख्येने मेले. त्यांची नावं इतिहासात फारशी नाहीत.

तरीही पुण्यापेक्षा एक फरक होता. प्रत्येक नियमामागे एक स्पष्ट कारण होतं: याचा श्वास त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही. सैनिक त्या एकाच कामाला लावले होते. आणि हुकूम देणारा माणूस लोकांच्याच वंशाचा होता, हेही नाकारता येणार नाही.

सगळ्यात कठीण निर्णय रेल्वेचा. ३० जानेवारी १९११ ला चिनी नववर्ष होतं. वर्षभर राबलेला मजूर या सणाला घरी जातोच. त्या गाड्या म्हणजे रोगाचा महामार्ग होत्या, आणि साथ पेकिंग आणि शांतुंगपर्यंत पोहोचलीही होती. जानेवारीच्या मध्यापासून मजुरांची रेल्वे वाहतूक थांबवण्यात आली. २०२० मध्ये देवरीच्या हायवेवरून छत्तीसगडकडे पायी निघालेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना गाडी थांबवली की काय होतं हे वेगळं सांगायला नको. तिकडेही अनेक मजूर बर्फातून पायी निघालेच.

दोन हजार शवपेट्या

जानेवारीच्या अखेरीस फुजियादियानमध्ये दिवसाला दीडशेहून अधिक माणसं मरू लागली. सगळे उपाय सुरू होते, तरी आकडा खाली येईना. वू वस्तीबाहेरच्या दफनभूमीत गेले तेव्हा समोर दोन हजारांहून अधिक मृतदेह उघड्यावर पडलेले. काही शवपेट्यांत, काही तसेच. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ लागेना. थंडीत जंतू टिकून राहणार, उंदीर-कुत्री तिथे पोहोचणार, आणि रोज ते दृश्य पाहणाऱ्यांचा धीर सुटणार.

जाळणं हाच उपाय होता. आपल्याला यात विशेष काय, असं वाटेल. पण चिनी परंपरेत पूर्वजांचा देह मातीत अखंड जाणं हा धर्माचा गाभा. दहन म्हणजे मृतांची विटंबना. उलट अर्थाने पाहा, आपल्याकडे कोरोनाकाळात अंत्यसंस्काराच्या पद्धतीवरून किती मनं दुखावली होती.

वू यांनी परस्पर आग लावली नाही. आधी स्थानिक अधिकारी आणि वस्तीतल्या प्रतिष्ठितांना त्यांनी तिथे नेऊन ते दृश्य दाखवलं. त्यांचा पाठिंबा घेऊन पेकिंगला, थेट सम्राटाच्या दरबारी परवानगी मागितली. उत्तर यायला काही दिवस लागले. ते दिवस कसे गेले असतील! परवानगी आली ती नववर्षाच्या दिवशी, ३० जानेवारीला. दुसऱ्या दिवशी रॉकेल ओतून शंभर-शंभराच्या राशी पेटवल्या गेल्या. अधिकारी आणि लोक उभे राहून बघत होते.

त्याच सणात वू यांनी लोकांना फटाके घराच्या आत फोडायला सांगितलं. गंधकाच्या धुराने हवा शुद्ध होईल, हा त्यांचा विचार. त्याचा जंतूंवर कितपत परिणाम झाला असेल, मला शंका आहे. पण महिनाभर मृत्यूच पाहिलेल्या वस्तीला सण साजरा करण्याची सोय झाली.

त्यानंतर आकडा उतरू लागला. १ मार्चला फुजियादियानमधला शेवटचा रोगी. एकट्या या वस्तीत पाच हजारांहून अधिक माणसं गेली होती, म्हणजे जवळपास दर पाचांत एक. संपूर्ण साथीत सुमारे ६० हजार. श्रेय एकट्या वू यांचं नाही. रशियन आणि जपानी यंत्रणांनी आपापल्या भागात कडक उपाय केले होते. पण नेमकं काय अडवायचं, हे त्यांनी सगळ्यांत आधी ठामपणे सांगितलं.

एप्रिलमध्ये मुकदेनला, आजच्या शेनयांगमध्ये, ११ देशांची प्लेग परिषद भरली. अध्यक्ष वू. समोर जपानचे कितासातो यांच्यासारखे दिग्गज. ब्रिटिश प्रतिनिधींमध्ये जी. एफ. पेट्री होते, मुंबईत प्लेग संशोधनाचं काम केलेले. उंदराचा सिद्धांत पक्का करणाऱ्या प्रयोगशाळेतला माणूस उंदराशिवायच्या प्लेगची चर्चा ऐकायला आला होता.

आणि सात वर्षांनी आपल्याकडे...

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून देशात शिरला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशात सर्वाधिक फटका बसलेल्या भागांपैकी. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला आणि धान्य महागलेलं. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट हेही लष्करी वैद्यकीय सेवेतलेच. पण त्यांच्या सेवेतले बरेच डॉक्टर महायुद्धाच्या आघाडीवर होते. इतक्या खेड्यांत पाठवायला माणसंच नव्हती. रेल्वे बंद झाली नाही. भारतात किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. हार्बिनचे धडे छापून आले होते, आपल्या वाट्याला ते आले नाहीत.

पुढे त्यांचं काय झालं?

१९१२ मध्ये मांचुरियासाठी कायमस्वरूपी प्लेग प्रतिबंधक सेवा स्थापन झाली आणि ती जवळपास दोन दशकं वू यांच्याकडे होती. १९२०-२१ मध्ये हाच प्लेग पुन्हा आला, पण या वेळी यंत्रणा तयार होती. मृत्यू नऊ हजारांच्या आसपास राहिले. चिनी डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. पेकिंगमध्ये त्यांनी आधुनिक हॉस्पिटल उभं केलं. १९३० मध्ये परक्यांच्या हातातली बंदरांवरची आरोग्य तपासणी चीनने आपल्याकडे घेतली, तिचे प्रमुखही तेच. १९३५ मध्ये नोबेलसाठी नामांकन झालं, पुरस्कार मिळाला नाही.

मग युद्ध. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला आणि वू यांना हेर समजून काही काळ अडकवलं. १९३७ मध्ये शांघायवर बॉम्ब पडले, त्यांचं घर गेलं. त्याच वर्षी पत्नीही वारली. ते मलायात परतले आणि इपोह शहरात साधा दवाखाना उघडला. दुसऱ्या महायुद्धात तिथेही जपानी आले. बंडखोरांनी वू यांना पळवून नेलं आणि खंडणी घेऊन सोडलं. खंडणी दिली म्हणून जपानी त्यांच्यावर बंडखोरांना मदत केल्याचा ठपका ठेवणार होते. त्यांनी उपचार केलेल्या एका जपानी अधिकाऱ्यामुळे ते वाचले.

वयाच्या ऐंशीपर्यंत ते इपोहमध्ये रोगी तपासत राहिले. १९५९ मध्ये आत्मचरित्र छापून आलं. त्यांनी पेनांगमध्ये नवं घर घेतलं आणि तिथे राहायला गेले. काही दिवसांतच, २१ जानेवारी १९६० ला, पक्षाघाताने त्यांचा मृत्यू झाला. हार्बिनमध्ये त्यांच्या प्लेग सेवेच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे.